पिझ्झ्यावरचं पान

अंथुर्ण्याच्या सोपानरावांचं आणि त्या पानांचं पहिल्या दिवसापासून कधी जमलं नाही. त्यांची बायको फुलाबाई विहिरीलगतच्या पाच गुंठ्यांत ती पानं पिकवायची, त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. बारामतीच्या पिझ्झाच्या हॉटेलवाल्यानं शिकवलं तसं ती त्यांना बेसिल म्हणायची. सोपानराव म्हणायचे, बेसिल कसलं डोंबलाचं, हा तर आपला सब्जा. आमच्या लहानपणी बांधावर उगवायचा आणि शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावायच्या नाहीत. पण शेळ्यांनी नाकारलेली ती पानं आठवड्यातून दोनदा दुधाच्या टेम्पोतून बारामतीला जायची आणि रिकामं क्रेट परत यायचं. तेव्हा दिवाळीच्या सुमारास सोपानरावांनी थट्टा बंद केली. त्या वाफ्यांत पाय मात्र ठेवला नाही.

हॉटेलवाला इंद्रजित पस्तिशीचा, बारामतीचाच. इटलीत नापोली म्हणून गाव आहे, तिथल्या भट्टीवर चार वर्षं काम करून तो परत आला होता आणि भिगवण रस्त्याला त्यानं तसल्याच पिझ्झाचं हॉटेल काढलं होतं. पहिल्यांदा पानं ठरवायला तो स्वतः शेतावर आला, बांधावर फतकल मारून बसला आणि फुलाबाईला एकच गोष्ट दोनदा सांगून गेला. हे पान शिजत नाही, मावशी. पिझ्झा भट्टीतून निघाल्यावर वर कच्चं टाकायचं असतं. म्हणून याच्यावर औषधाचा थेंब पडता कामा नये. फुलाबाईनं शब्द दिला.

अडचण एवढीच होती की शेजारच्या तुकड्यात सोपानरावांची वांगी होती, आणि वांगं औषधाशिवाय हाती लागत नाही. मग नवराबायकोत ठरलं. वांग्यावर फवारायचं असेल तेव्हा सोपानरावांनी आधी सांगायचं, फुलाबाईनं वाफ्यांवर कापड ओढायचं, आणि तरीही पुढचे आठ दिवस पानं खुडायची नाहीत. दीड वर्ष हे बिनबोभाट चाललं.

जानेवारीतल्या एका सोमवारी ते मोडलं. फुलाबाई बहिणीला बघायला डाळजला गेली होती. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. इकडे सोपानरावांनी वांग्याचे शेंडे माना टाकलेले पाहिले. अळी शिरली होती. एक दिवस थांबावं तर निम्मा प्लॉट जाणार. त्यांनी पंप पाठीवर घेतला. कापड ओढायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही, कारण ते काम कधी त्यांनी केलंच नव्हतं. शेवटची टाकी निम्मी झाली आणि वारा फिरला. औषधाचं धुकं हिरव्या वाफ्यांवर सरकताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. डब्यावर पिवळा त्रिकोण होता, म्हणजे जहाल विष, हेही त्यांना ठाऊक होतं. पण पानं शुक्रवारी खुडायची होती. रात्री फुला आली की सांगू, ती शुक्रवारचं रद्द करील, असं म्हणून त्यांनी उरलेली निम्मी टाकीही मारून टाकली.

फुलाबाई रात्री आली ती सर्दीनं बेजार होऊन. नाक चोंदलेलं, डोकं ठणकत होतं. ती न जेवता झोपली. सोपानरावांनी तिला उठवलं नाही. पहाटे ऊसतोडीची टोळी लांबच्या रानात उतरली म्हणून ते अंधारातच तिकडे गेले. सात वाजता इंद्रजितचा फोन आला, की आज संध्याकाळी एक वाढदिवसाचं टेबल आहे, पानं कमी पडतील, जमेल तेवढी पाठवा. फुलाबाईनं नाकाला पदर लावून खुडणी केली. नेहमीचं नाक असतं तर वाफ्यात पाय ठेवताच तिला औषधाचा भपकारा आला असता. त्या दिवशी तिला चहाचासुद्धा वास येत नव्हता. क्रेट टेम्पोत चढलं, ती घरी आली, आणि दुपारनंतर बचत गटाच्या बैठकीला गेली.

सोपानराव पावणेपाचला वांग्यात आले, अळी मेली का ते बघायला. अळी मेली होती. समाधानानं त्यांनी मान वळवली आणि शेजारच्या वाफ्यात त्यांना ताजे खुडलेले देठ दिसले.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, जनावर शिरलं असेल. मग त्यांनी वाकून पाहिलं. प्रत्येक देठ नखानं खुडलेला, एकसारखा. म्हणजे फुलानंच खुडलं होतं. ते तिथंच बांधावर बसले आणि दोन मिनिटं त्यांच्या मनात जे आलं, ते त्यांनी नंतर कुणालाच सांगितलं नाही. मनात असं आलं, की कुणाला कळणार आहे? पानभर औषधानं माणूस काही मरत नाही. पोट बिघडलं तर हॉटेलचं म्हणतील. सांगितलं तर फुलाचा शब्द जाणार, गिऱ्हाईक जाणार. मग त्यांना वाढदिवसाचं आठवलं. सकाळी टोळीजवळ उभे असताना फुलाबाईनंच फोनवर सांगितलं होतं, पोरीचा वाढदिवस हाय म्हणं हॉटेलात. त्या वेळी त्यांनी ते नुसतं कानावर घेतलं होतं. पानं त्यासाठीच चालली आहेत हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सोपानराव उठले आणि गाडीला किक मारली.

बचत गटाच्या बायका शाळेच्या ओट्यावर बसल्या होत्या. सोपानरावांनी फुलाबाईला बाजूला बोलावलं आणि तीन वाक्यांत सांगून टाकलं. फुलाबाई रागावली नाही, कपाळाला हात लावला नाही. तिनं कनवटीचा फोन काढून इंद्रजितला लावला. तो वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. मग हॉटेलच्या पाटीवरचा नंबर लावला. तोही कुणी उचलेना. पुण्याला असलेल्या सुनेला, सुप्रियाला, तिनं सांगितलं की तू तिकडून लावत राहा, आणि ती गाडीवर मागं बसली. बसताना तिनं नेहमीसारखा नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. मागची लोखंडी दांडी धरली.

अंथुर्ण्याहून बारामती तशी पाऊण तासाची वाट. पण गाळपाचे दिवस. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि भवानीनगरच्या अलीकडं एक ट्रॉली आडवी झालेली. मोळ्या रस्ताभर पसरलेल्या, दोन्हीकडून गाड्या तटलेल्या. सोपानरावांनी गाडी कालव्याच्या भरावावर घातली. खड्ड्यांनी दोघांची हाडं खिळखिळी झाली. मागून एक शब्द येत नव्हता. मधून मधून फोन लावल्याचा आवाज यायचा, मग पुन्हा काही नाही. दोनदा सोपानराव म्हणाले, 'पोचतोय, पोचतोय.' तिला सांगत होते की स्वतःला, देव जाणे. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. भांडणं झाली होती, अबोलेही झाले होते. पण हे गप्प बसणं वेगळं होतं. तिनं दुसऱ्याला दिलेला शब्द त्यांनी मोडला होता आणि तिला न विचारता मोडला होता.

बारामतीत शिरले तेव्हा दिवे लागले होते. हॉटेलाच्या दारात पाच-सहा गाड्या उभ्या. आतून लाकडाच्या धुराचा वास येत होता. फुलाबाई उतरून थेट गल्ल्याकडे गेली आणि तिथल्या मुलीला म्हणाली, इंद्रजितला बोलाव, आत्ताच्या आत्ता. मुलगी म्हणाली की सर भट्टीवर आहेत, आपण बसा. सोपानराव मात्र गल्ल्यापाशी थांबले नाहीत. त्यांची नजर दालनाच्या मधोमध गेली होती.

तिथं दोन टेबलं जोडून आठ-नऊ माणसं बसली होती. वर फुगे टांगलेले. टोकाला झालरीचा फ्रॉक घातलेली सहा-सात वर्षांची पोरगी, डोक्यावर कागदाचा मुकुट. आणि तिच्यापुढं ताटाएवढा गोल, लाल-पांढरा पिझ्झा, कडेनं फुगलेला. त्याच्या बरोबर मधोमध एक हिरवं पान होतं. पोरीनं कापलेला तुकडा हातात घेतला होता, पान त्याच्यावरच आलं होतं, आणि ती गरम म्हणून फुंकर घालत होती.

सोपानरावांच्या पायांत चप्पल होती, अंगावर वांग्यातलाच सदरा होता, धोतराला कालव्याची धूळ. त्यांना यातल्या कशाचंच भान नव्हतं. चार ढांगांत ते टेबलापाशी गेले आणि त्यांनी आपला पंजा पोरीच्या तोंडापुढं धरला.

'खाऊ नगं, बाळ.'

पोरगी दचकली. तुकडा ताटात पडला. तिचा बाप खुर्ची मागं सारून उभा राहिला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. पोरीचा आजा समोरच बसला होता. पांढरी टोपी, भारदस्त चेहरा. त्यानं विचारलं, तुम्ही कोण, आणि हे काय चालवलंय.

सोपानराव आयुष्यात ग्रामसभेतसुद्धा कधी उभे राहून बोलले नव्हते.

'ह्या पानावर इखारी औषध हाय,' ते म्हणाले. 'काल सांजच्याला वांग्यावर मारलं, ते वाऱ्यानं ह्याच्यावर गेलं. हॉटेलवाल्याची चूक न्हाय. माझ्या बायकोचीबी न्हाय. मी मारलंय.'

पोरीच्या आईनं ताट उचलून लांब सारलं आणि पोरीचं तोंड आपल्या रुमालानं पुसायला लागली. आज्यानं आपल्यापुढच्या ताटाकडं पाहिलं. त्याचे दोन तुकडे कधीच खाऊन झाले होते. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो सोपानरावांनी पाहिला, आणि त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

एवढ्यात भट्टीकडून इंद्रजित धावत आला. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घाम. मागून फुलाबाई. त्यानं आधी टेबलाकडे पाहिलं, मग सोपानरावांकडे, आणि त्यांच्या खांद्यावर पिठाचा हात ठेवला.

'तात्या, ही पानं तुमची नाहीत.'

सोपानरावांना ऐकू आलं, पण कळलं नाही. इंद्रजितनं पुन्हा सांगितलं, या वेळी टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. सकाळी क्रेट आलं आणि झाकण उघडताच त्याला औषधाचा वास आला. ते क्रेट त्यानं तसंच पोत्यात घालून, तोंड बांधून मागच्या अंगणात ठेवलं होतं. त्यातलं एकही पान स्वयंपाकघरात आलेलं नव्हतं. हॉटेलच्या गच्चीवर त्यानं हौसेखातर चार कुंड्या लावल्या होत्या, आज तेवढ्यावरच भागवत होता. 'म्हणून तर एका पिझ्झ्यावर एकच पान आहे,' तो म्हणाला. 'एरवी चार-पाच टाकतो.'

पोरीच्या बापाचा विश्वास बसेना. मग इंद्रजित त्याला आणि आज्याला मागं घेऊन गेला, पोतं दाखवलं, तोंड सोडून वास घ्यायला लावला, गच्चीवरच्या खुडून बोडक्या झालेल्या कुंड्या दाखवल्या. तिघं परत येईपर्यंत सोपानराव जागचे हलले नव्हते. आजा येताना हसत नव्हता, पण त्याचा रंग परत आला होता. त्यानं सुनेला सांगितलं की सगळं ठीक आहे, दे तिला. पोरीनं आधी आईकडं पाहिलं, मग त्या अनोळखी म्हाताऱ्याकडं.

'खा, खा,' सोपानराव म्हणाले. तिनं चावा घेतला. चीजची तार तिच्या ओठापासून ताटापर्यंत लांबली आणि ती हसली.

सोपानराव जवळच्या रिकाम्या खुर्चीत मटकन बसले. कुणी तरी पाणी आणलं. ते एका दमात तीन पेले पाणी प्याले; चौथा पेला तसाच हातात धरून बसून राहिले. छातीवरून भरलेलं पोतं कुणी उचलून न्यावं तसं त्यांना झालं. श्वास आत जात होता आणि बाहेर येत होता, आणि नुसत्या तेवढ्यानंच त्यांना बरं वाटत होतं. फुलाबाई समोर येऊन बसली. तिचे डोळे भरले होते, पण ते सर्दीनंही असतील. तिनं पदरानं नाक पुसलं आणि अंथुर्णे सोडल्यापासून पहिल्यांदा ती नवऱ्याशी बोलली.

'टोपी कुठं हाय तुमची?'

सोपानरावांनी डोक्याला हात लावला. टोपी नव्हती. कालव्यावर कुठं तरी उडून गेली असावी.

'गेली,' ते म्हणाले.

'जाऊ द्या,' फुलाबाई म्हणाली.

इंद्रजितनं दोघांना उठू दिलं नाही. आलाच आहात तर खाऊन जा, दीड वर्ष पानं पाठवताय आणि मावशी एकदाही इथं जेवल्या नाहीत, असं म्हणून तो भट्टीकडं गेला. सोपानरावांना बसल्या जागेवरून भट्टी दिसत होती. घुमटासारखी, आत लाकडाचा जाळ, वीट पांढरी पडलेली. इंद्रजितनं पिठाचा गोळा हातानंच पसरला, लाटणं लावलंच नाही. वर टोमॅटोचा रस, म्हशीच्या दुधाच्या चीजचे पांढरे गोळे, तेलाची धार. लांब दांड्याच्या फावड्यावर घेऊन त्यानं तो आत सारला, आणि सोपानरावांनी तंबाखूची चंची शोधावी तेवढ्यात तो बाहेरही आला. दीड मिनिट लागलं नसेल.

सोपानरावांनी पिझ्झा पाहिला होता तो कुणाच्या तरी लग्नात. जाड पावावर सॉस आणि मक्याचे दाणे. हा तसा नव्हता. मधे पातळ, कडेला फुगा, आणि फुग्यावर काळे डाग. भाकरी निखाऱ्यावर शेकली की जसे पडतात तसे. इंद्रजितनं काटा-सुरी ठेवली, मग त्यांच्या हातांकडं बघून म्हणाला, नापोलीतही पुष्कळ जण हातानंच खातात, अशी चौपदरी घडी घालून. सोपानरावांनी घडी घातली. मधला भाग इतका मऊ होता की रस मनगटावर ओघळला. आंबट, खारट, गरम. कड चावताना त्यांच्या लक्षात आलं की सकाळच्या चटणी-भाकरीनंतर आपल्या पोटात काही नाही. ते दुसऱ्या तुकड्याकडं वळले, मग तिसऱ्याकडं. चव काय आहे हे त्यांना धड सांगता आलं नसतं. भूक लागते आहे हीच त्यांना मोठी गोष्ट वाटत होती.

फुलाबाईला मात्र काहीच लागत नव्हतं. तिचं नाक बंद. ती म्हणाली की मऊ हाय, ऊन हाय, एवढं कळतंय. मधलं पान तिनं उचलून हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि खाल्लं. आपण पिकवतो तसलं पान ज्यासाठी असतं त्या जागी दीड वर्षात तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

गर्दी जरा ओसरल्यावर इंद्रजित खुर्ची ओढून त्यांच्यापाशी बसला. तो हातावरचं वाळलेलं पीठ खरवडत होता. मग म्हणाला की मला एक सांगायचंय, मावशी, आणि ते सांगितलं नाही तर मला चैन पडणार नाही. सकाळी वास आला तेव्हा तो संतापला होता. एवढं बजावून सांगितलं तरी शेवटी यांनी केलंच, असं त्याला वाटलं. आजपासून अंथुर्ण्याचा माल बंद, हे त्यानं दहा वाजताच ठरवलं होतं. आणि संध्याकाळी फुलाबाईचा फोन वाजला तेव्हा त्यानं तो मुद्दाम उचलला नव्हता. सुप्रियाचाही नाही.

'मला वाटलं, तुम्ही कारणं सांगाल,' तो म्हणाला. 'मी फोन उचलला असता तर तुमचे हे हाल झाले नसते.'

फुलाबाई म्हणाली की तुझा राग खराच होता, त्यात तुझं काय चुकलं. इंद्रजितनं एवढं सांगितल्यावर सोपानरावांनाही हलकं वाटलं. आज इथं आपणच एकटे चुकलेले नाही, हे कळल्यावर माणूस जरा ताठ बसतो.

ठरलं ते असं. वाफे मुळापासून वीतभर ठेवून सगळे छाटायचे, छाटलेलं जमिनीत पुरायचं, नवी फूट येऊ द्यायची. महिनाभर पान पाठवायचं नाही. त्यानंतर पहिलं क्रेट आलं की इंद्रजित आधी स्वतः पान खाऊन बघणार, आणि मग पुढचं. वाफे आणि वांगी यांच्यामध्ये मक्याच्या चार ओळी लावाव्यात, वारा अडेल, असं सोपानरावांनी आपण होऊन सुचवलं. फुलाबाईनं त्यांच्याकडं चमकून पाहिलं. त्या पाच गुंठ्यांबद्दल त्यांनी काही सुचवण्याची ही पहिलीच वेळ.

वाढदिवसाचं टेबल उठलं तेव्हा पोरीचा आजा त्यांच्यापाशी येऊन थांबला. त्याचं नाव आप्पासाहेब, भवानीनगरला कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला, घरी चार एकर बागायत. नातीला त्यानं पुढं केलं. छकुली तिचं नाव. तिनं केकचे दोन तुकडे कागदाच्या बशीत आणले होते, ते टेबलावर ठेवले आणि आजोबांच्या धोतरामागं गेली.

आप्पासाहेब सोपानरावांना म्हणाला, 'पाव्हणं, मघाशी मी तुमच्यावर तापलो होतो. पण वर कुंड्यांपाशी उभा राहिलो आणि मनात आलं, आमीबी टोमॅटोवर मारतो आणि तिसऱ्या दिवशी बाजारात नेतो. सांगायला आजवर कुठं कोण गेलं?'

सोपानरावांनी हात जोडले. तेही तेच करत आले होते. इंदापूरच्या बाजारात वांग्याचं पोतं उतरलं की त्यांचा त्याच्याशी संबंध सुटायचा. ते वांगं कुठल्या घरात गेलं, कुणी खाल्लं, हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. आज पहिल्यांदा खाणाऱ्याचं तोंड दिसलं होतं. मुकुट घातलेलं, गरम तुकड्यावर फुंकर घालणारं.

निघताना इंद्रजित पैसे घेईना. फुलाबाईनं ऐकलं नाही. एक पिझ्झा तुझा पाहुणचार, दुसरा आमचा, असं म्हणून तिनं नोटा गल्ल्यावरच्या मुलीच्या हातात कोंबल्या. दुसरा पिझ्झा आला आणि संपलाही, हे सोपानरावांना तेव्हा कळलं. तो जवळजवळ सगळा त्यांनीच खाल्ला होता.

परतीला त्यांनी मोठा रस्ता धरला. भवानीनगरची ट्रॉली उचलली होती, रस्त्यावर चुरगाळलेल्या उसाचा गोड वास पसरला होता. थंडी वाजत होती. उघड्या डोक्याला वारा लागतो म्हणून फुलाबाईनं मागून आपला स्कार्फ त्यांच्या कानांभोवती गुंडाळला आणि गाठ मारली. मग तिचा हात खांद्यावरच राहिला. सोपानराव गाडी सावकाश चालवत होते. घाई कसलीच नव्हती.

'गुरुवारी वांगी न्हायत तोडायची,' ते वळून म्हणाले. 'आठ दिवस जाऊ दे. जून झाली तर झाली. जनावरं खातील मागनं.'

'बरं,' फुलाबाई म्हणाली.

थोडं पुढं गेल्यावर ती पुन्हा बोलली. आवाज नाकातून येत होता.

'मला एक सांगा. तुमी आला नसता शाळेकडं, तर मला कळलंच नसतं. कुणालाच कळलं नसतं. मग का आलात?'

बांधावर बसून घालवलेली ती दोन मिनिटं सोपानरावांना आठवली, आणि ती सांगावीत असं त्यांच्या जिभेवर आलं. पण आजच्या दिवसाला एवढं सांगणं पुरे होतं.

'तू शब्द दिला व्हतास,' ते म्हणाले.

फुलाबाईनं खांद्यावरचा हात जरा दाबला. मग तिला शिंक आली, लागोपाठ तीन, आणि तिसऱ्या शिंकेनंतर ती हसायला लागली. त्या पोरीचा बाप कसा ताडकन उठला, तुमी कसे पंजा धरून उभे राहिलात, जसं काय एसटीच थांबवताय, असं म्हणत ती हसत राहिली. सोपानरावही हसले. हसताना गाडी जरा डगमगली, त्यांनी ती सावरली. पुढं अंथुर्ण्याचे दिवे दिसू लागले होते.

सकाळी दोघं कोयते घेऊन वाफ्यात उतरले. दीड वर्षात पहिल्यांदा सोपानरावांनी त्या रानात पाय ठेवला होता. छाटताना देठांचा जो वास उठला, तो त्यांनी भरून घेतला. औषधाचा होता, आणि त्याखाली अजून एक होता, लवंगेसारखा, हिरवा. फुलाबाईनं विचारलं, वास कसा येतोय. औषधाचा येतोय, पण त्याखालचा चांगला हाय, असं त्यांनी खरं ते सांगितलं. ती मान डोलावून पुढच्या ओळीला लागली.